मातेच्या मांडीवरील शाळा : बिशप कोमेनियस याचें चरित्र

जून महिन्यांत पावसाबरोबर महाराष्ट्रांतील शाळाही सुरू होतात, आणि दर वर्षीं कितीतरी घरांतून एकेक नवें बालक दप्तर घेऊन प्रथमच शाळेच्या वाटेनें निघतें. कोणी हंसत जातें, कोणी आईचा पदर घट्ट धरून रडत जातें. रडणाऱ्या बालकाचा दोष आपण बहुधा शाळेच्या किंवा शिक्षकांच्या माथीं मारतों. परंतु शाळेविषयींचें प्रेम काय किंवा भय काय, त्याचें बीं घरींच पेरलें जातें, हें सुमारें चारशें वर्षांपूर्वीं एका सत्पुरुषानें ओळखलें होतें. शाळेंतील पहिल्या दिवसाची तयारी जन्मापासून सहा वर्षें चालली पाहिजे, आणि ती आईबापांच्या हातून झाली पाहिजे, हें सांगण्यासाठीं त्यानें एक छोटासा ग्रंथ लिहिला. त्या पुरुषाचें नांव जॉन आमॉस कोमेनियस. ज्याला स्वतःला मातापित्यांचें छत्र फार दिवस लाभलें नाहीं, आणि ज्याचीं पहिलीं दोन मुलें त्याला अंतरलीं, त्यानेंच जगांतील सर्व आईबापांसाठीं असा ग्रंथ लिहावा, हें त्याच्या चरित्रांतील मोठें मर्म आहे.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोरेव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत हल्लीं चेक प्रजासत्ताकांत मोडतो. त्याच्या मातृभाषेंत त्याचें आडनांव कोमेन्स्की. कोमेनियस हें त्याचें लॅटिन रूप होय. त्याचे आईबाप ‘बंधुसंघ’ नांवाच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. साधी राहणी, शास्त्राचा अभ्यास आणि परस्परांवर प्रेम, हीं या मंडळीचीं लक्षणें होतीं. अशा सुशील घरांत कोमेनियसचें बाळपण सुखानें जात होतें. परंतु तो दहा-बारा वर्षांचा असतांना त्याचा पिता वारला. मागोमाग माता गेली, आणि दोन बहिणीही गेल्या. पोरका झालेला हा मुलगा स्ट्राझनित्से या गांवीं आपल्या आत्याच्या आश्रयास येऊन राहिला. इ. स. १६०५ मध्यें तें गांवही लढाईच्या धामधुमींत लुटलें गेलें. घर गेलें, आणि शिक्षणही मागें पडलें.

पालकांच्या हयगयीमुळें त्याचा लॅटिन शाळेंत प्रवेश व्हावयास सोळावें वर्ष उजाडलें. त्या काळीं विद्येचें सर्व भांडार लॅटिन भाषेंत होतें, आणि इतर मुलें त्या वयांत तिचें व्याकरण संपवून पुढें गेलेलीं असत. प्रेराव येथील शाळेंत हा उंच, थोराड मुलगा लहान मुलांच्या पंक्तीला बसूं लागला. उशिरां आल्यामुळें त्याला एक लाभ मात्र झाला. लहान मुलांना जें मुकाट्यानें सोसावें लागे, तें तो जाणत्या डोळ्यांनीं पाहूं शकला. अर्थ न समजतां व्याकरणाचे नियम घोकावयाचे, चुकलें कीं छडी खावयाची, आणि ज्या वस्तु कधीं पाहिल्या नाहींत त्यांचीं नांवें परभाषेंत पाठ करावयाचीं, असा त्या शाळांचा क्रम होता. मुलांच्या बुद्धीची ही कत्तल पाहून त्याच्या मनाला जी व्यथा झाली, ती त्याला जन्मभर पुरली. शाळा ही आनंदाची जागा होऊं शकेल काय, हा प्रश्न त्यानें तेथेंच मनाशीं बांधला.

पुढें जर्मनींतील हर्बोर्न आणि हायडेलबर्ग येथील विद्यापीठांत त्याचें अध्ययन झालें. इ. स. १६१४ मध्यें तो स्वदेशीं परतला आणि ज्या प्रेरावच्या शाळेंत आपण शिकलों तेथेंच शिकवूं लागला. १६१६ मध्यें त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि १६१८ मध्यें तो फुलनेक येथील मंडळीचा पाळक झाला. तेथील शाळाही त्याच्याकडेच होती. त्याच सुमारास त्याचा विवाह झाला. सुखाचे दिवस आले असें वाटलें. परंतु त्याच वर्षीं युरोपांत तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला.

८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्राग शहराजवळ श्वेतगिरीच्या लढाईंत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला. विजयी सम्राटानें त्या पक्षाच्या उपदेशकांचा पाठलाग आरंभिला. १६२१ मध्यें फुलनेक शत्रूच्या हातीं पडलें, आणि कोमेनियसला बायको-मुलांना मागें ठेवून रानावनांत व मित्रांच्या घरीं लपावें लागलें. १६२२ मध्यें सांथीच्या रोगानें त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही बालकें मृत्युमुखीं पडलीं. पुढल्या वर्षीं फुलनेकच्या चौकांत त्याचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं. तिशीच्या उंबरठ्यावरच त्याचें घर, संसार, ग्रंथ आणि उपजीविका हीं सर्व नाहींशीं झालीं. दुसरा कोणी असता तर त्याचें मन कडू झालें असतें. कोमेनियसनें त्या दुःखांतच जगाच्या भुलभुलय्यांतून बाहेर पडून ईश्वराच्या ठायीं विसांवा शोधणाऱ्या एका प्रवाशाची रूपककथा लिहिली. चेक वाङ्मयांत ती आजही उत्तम गद्यग्रंथांपैकीं एक मानली जाते.

१६२७ च्या राजाज्ञेनें बंधुसंघाला स्वदेशांत राहण्यास मुळींच जागा उरली नाहीं. १६२८ च्या फेब्रुवारी महिन्यांत, ऐन हिवाळ्यांत, कोमेनियस आपल्या दुसऱ्या पत्नीसह पोलंडमधील लेश्नो या गांवीं निर्वासित म्हणून निघाला. मायदेश त्याला पुन्हां लाभावयाचा नव्हता. परंतु त्या वेळीं निर्वासितांना लवकरच परत जाण्याची आशा होती. परत गेल्यावर उद्ध्वस्त देश उभा कसा करावयाचा, असा विचार करतांना कोमेनियसची दृष्टि मोठ्या माणसांवरून लहान मुलांकडे वळली. वांकलेलें झाड सरळ होणें कठीण. रोपटें मात्र हवें तसें वाढवितां येतें. म्हणून देशाची उभारणी बालकांपासून केली पाहिजे, असा त्याचा निश्चय झाला. लेश्नो येथें शिक्षकाचें काम करीत असतांनाच त्यानें शिक्षणशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ रचला. श्रीमंत व गरीब, मुलगे व मुली, शहरांतले व खेड्यांतले, सर्वांना शिक्षण मिळालें पाहिजे, असें त्यानें त्यांत प्रतिपादिलें. सहा-सहा वर्षांच्या चार शाळा त्यानें कल्पिल्या : पहिली प्रत्येक घरांत, मातेच्या मांडीवर; दुसरी प्रत्येक गांवांत, मातृभाषेची; तिसरी प्रत्येक नगरांत, लॅटिनची; आणि चौथी प्रत्येक देशांत, विद्यापीठाची. इमारतीचा पाया जसा जमिनीखालीं असतो, तशी पहिली शाळा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं; पण वरच्या तिन्ही मजल्यांचा भार तिच्यावरच असतो.

या पहिल्या शाळेसाठीं त्यानें स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याला आपल्या भाषेंत ‘मातृशाळेचा मार्गदर्शक’ असें म्हणतां येईल. साध्यासुध्या आयांना समजावा म्हणून त्यानें तो चेक भाषेंत लिहिला. परंतु निर्वासितांच्या नशिबीं असलेल्या अडचणींमुळें तो प्रथम जर्मन भाषेंत, १६३३ सालीं, छापला गेला. मूळ चेक ग्रंथाला छापखाना पाहण्यास १८५८ साल उजाडावें लागलें. एवढा काळ त्याच्या स्वतःच्या देशांतील माता या ग्रंथाच्या छापील प्रतीला मुकल्या.

ग्रंथाचा आरंभ तो मुलांची योग्यता सांगून करतो. सोनें, रुपें आणि रत्नें यांहून बालकें हीं मौल्यवान आहेत. तीं ईश्वराची ठेव आहेत, आणि ठेव ज्याची त्याला चोख परत केली पाहिजे. नंतर तो मुलाच्या शरीराकडे वळतो. आईनें आपल्या बाळाला स्वतःचेंच दूध पाजावें. बाळाला मिरीमसाल्याचे व मादक पदार्थ देऊं नयेत. उगाच औषधें पाजूं नयेत. झोंप, मोकळी हवा, धांवणें-खेळणें आणि आनंदी मन हींच त्याचीं औषधें. मूल सतत कांहींतरी करीत असतें म्हणून आईबाप त्रासतात. कोमेनियसच्या मतें ती ईश्वराची कृपाच समजावी. मुंगीप्रमाणें त्याला कामांत राहूं द्यावें; धारेचीं हत्यारें काढून घेऊन लाकडाचीं द्यावीं, माती-काटक्यांचीं घरें बांधूं द्यावीं, आणि बोटांना वळण लागावें म्हणून हातीं खडू किंवा कोळसा देऊन रेघा ओढूं द्याव्या. बापानें मुलाच्या खेळांत भाग घ्यावयास लाजूं नये.

मुलाच्या ज्ञानाविषयीं त्यानें जें लिहिलें आहे तें वाचून आजही आश्चर्य वाटतें. सर्व शास्त्रांचीं मुळें सहा वर्षांच्या आंत घरींच रुजतात, असें तो म्हणतो. पाणी ओलें, दगड कठीण, विस्तव चटका देतो, हें बालकाला कळलें कीं पदार्थविज्ञानाला आरंभ झाला. सूर्य, चंद्र व तारे त्यानें ओळखले कीं तें खगोलाच्या दारांत आलें. घर, अंगण, शेत, नदी, टेकडी यांचीं नांवें कळलीं कीं भूगोल सुरू झाला. काल, आज आणि उद्यां यांतील भेद कळला कीं इतिहासाची ओळख झाली. जास्त-कमी समजणें व वस्तु मोजतां येणें हें अंकगणित, आणि लांब-आंखूड, रुंद-अरुंद, वीत व हात समजणें ही भूमिति. यासाठीं पाटी लागत नाहीं, पुस्तक लागत नाहीं. आई घरकाम करतांना मुलाशीं बोलत राहिली, त्याच्या प्रश्नाला उत्तर देत गेली, म्हणजे पुरे. बोलतांना मात्र तिनें शब्द स्पष्ट उच्चारावे. बाळाचे बोबडे बोल कौतुकानें त्याच्यापुढें आळवीत बसूं नये, कारण बाळाला तिच्याकडूनच शुद्ध बोल शिकावयाचे असतात.

आचरणाविषयीं त्याचा मुख्य नियम एकच आहे : मूल ऐकण्यापेक्षां पाहून अधिक शिकतें. घरांत वडील माणसें खोटें बोलत असतील, तर मुलाला सत्याचा उपदेश व्यर्थ होय. ताटांतील अन्न न सांडणें, स्वच्छ राहणें, मागून घेणें, घेतल्यावर आभार मानणें, भावंडाला आपल्यांतला वांटा देणें, मोठ्यांचें बोलणें चाललें असतां क्षणभर गप्प बसणें, आणि हात जोडून लहानशी प्रार्थना म्हणणें, या गोष्टी ज्याला घरीं साधल्या, त्याला शाळेंत निम्म्या गोष्टी आधींच आल्या, असें समजावें. शिक्षेला त्यानें सर्वस्वीं फांटा दिलेला नाहीं. परंतु तिची जागा त्यानें उदाहरण व गोड शब्द यांच्या मागें ठेवली आहे.

मग मुलाला शाळेंत घालावें केव्हां? सहा वर्षांच्या आंत घालूं नये, असें त्याचें मत होतें. या वयाच्या मुलाला जेवढी निगा लागते, तेवढी अनेक मुलें सांभाळणाऱ्या शिक्षकाला घेतां येत नाहीं. शिवाय मेंदू व शरीर बळकट व्हावयास अवधि लागतो. परंतु मुलामुलांत फरक असतो, हेंही तो विसरला नाहीं. कोणाची समज लवकर पिकते, कोणाची उशिरां. आणि फार लवकर पिकलेलें फळ फार दिवस टिकत नाहीं. म्हणून केवळ वर्षें न मोजतां तीन खुणा पाहाव्या : घरच्या शाळेंत शिकावयाचें तें मुलाला आलें आहे काय, त्याचें लक्ष लागतें व थोडा विचार करतां येतो काय, आणि अधिक शिकण्याची इच्छा त्याच्या ठिकाणीं दिसते काय. आपल्या भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही पहिल्या इयत्तेसाठीं सहा वर्षांचेंच वय धरलें आहे, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

ग्रंथाचें शेवटचें प्रकरण शाळेच्या तयारीवर आहे. जे आईबाप कांहीं न सांगतां-सवरतां मुलाला एके दिवशीं उचलून शाळेंत नेऊन बसवितात, त्यांचें वागणें वासराला दावें लावून खाटिकखान्याकडे ओढीत नेण्यासारखें आहे, असें तो म्हणतो. त्याहूनही अविचारी ते, जे मुलानें हट्ट केला कीं शाळेचा व शिक्षकाचा धाक घालतात. शाळा म्हणजे शिक्षेची कोठडी आणि शिक्षक म्हणजे मारकुटा राक्षस, असें चित्र ज्याच्या मनांत आईनेंच काढलें, तें मूल शाळेच्या नांवानें थरथर कांपूं लागलें तर नवल कसलें? मग तें शिकत नाहीं म्हणून शिक्षकाला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

यावर उपायही त्यानें सांगितले आहेत. शाळेचे दिवस जवळ आले कीं जत्रा किंवा द्राक्षांचा हंगाम जवळ आल्याप्रमाणें घरांत आनंद दिसावा. शाळेंत इतर मुलांबरोबर शिकावयास व खेळावयास मिळेल, असें मुलाला सांगावें. नवा पोशाख, नवी पाटी व नवें पुस्तक त्याला मधूनमधून दाखवावें. परंतु हातीं मात्र शाळेच्या दिवशींच द्यावें, म्हणजे उत्सुकता वाढते. विद्येनें सामान्य घरांतले लोक कसे थोर झाले, हें गोष्टीरूपानें सांगावें. शिक्षकाविषयीं नेहमीं आदरानें बोलावें. ते आपल्या बाबांचे स्नेही आहेत, प्रेमळ आहेत, असें सांगावें. कधीं कांहीं निमित्त काढून मुलाच्या हातीं शिक्षकाकडे एखादी लहानशी भेट पाठवावी. शिक्षकानेंही त्याच्याशीं गोड बोलावें, एखादें चित्र किंवा वाद्य त्याला दाखवावें, आणि शाळेंत येशील का म्हणून विचारावें. अशा रीतीनें शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच मुलाला तेथें एक ओळखीचें माणूस मिळतें. या सर्वांवर ईश्वराच्या प्रार्थनेचा कळस चढवावा, कारण बीज पेरणें आपल्या हातीं असलें तरी वाढ त्याच्या हातीं आहे. धर्मयुद्धांत ज्याचा संसार उजाड झाला, तो पुरुष निर्वासितांच्या वस्तींत बसून मुलाला नवी पाटी केव्हां द्यावी याचा इतका बारीक विचार करीत होता!

कोमेनियसच्या पुढील आयुष्याचा प्रवास लांबचा आहे. १६३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, हजार वाक्यांतून लॅटिन शिकविणाऱ्या त्याच्या पुस्तकानें त्याचें नांव युरोपभर झालें. १६३२ सालीं तो बंधुसंघाचा बिशप झाला. १६४१ मध्यें त्याला इंग्लंडांत बोलावणें आलें. परंतु तेथें यादवी युद्धाचे ढग जमल्यामुळें त्याच्या योजना तशाच राहिल्या. पुढें स्वीडनसाठीं त्यानें शालेय पुस्तकें तयार केलीं. १६४८ च्या तहानें युद्ध थांबलें, पण बंधुसंघाला मायदेशीं परतण्याची वाट कायमची बंद झाली. त्याच वर्षीं त्याची दुसरी पत्नीही निवर्तली. १६५० ते १६५४ पर्यंत हंगेरींतील शारोश्पाटक येथें त्यानें शाळा सुधारण्याचें काम केलें. तेथें सिद्ध केलेलें व १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें छापलेलें ‘सचित्र जग’ हें त्याचें पुस्तक मुलांच्या विशेष आवडीचें झालें. दीडशें पाठांच्या या पुस्तकांत प्रत्येक पाठाला चित्र आहे. चित्रांतील वस्तूंवर आंकडे आहेत, आणि त्याच आंकड्यांनीं त्यांचीं नांवें मातृभाषेंत व लॅटिनमध्यें खालीं दिलीं आहेत. आरंभीं अक्षरें शिकविण्यासाठीं पशुपक्ष्यांचे आवाज घेतले आहेत. मुलाला पुस्तकाची भीति वाटूं नये, तें पाहतांच हातांत घ्यावेंसें वाटावें, हाच येथेंही हेतु होता. आपल्या हातीं असलेलीं सचित्र क्रमिक पुस्तकें त्याच वंशांतलीं होत.

१६५६ सालीं लेश्नो गांव युद्धांत जळालें. कोमेनियसचें घर, ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखितें त्यांत भस्म झालीं. चाळीसहून अधिक वर्षें खपून जुळविलेला चेक भाषेचा कोशही त्यांतच गेला. चौसष्ट वर्षांच्या त्या वृद्धाला पुन्हां एकदां रिकाम्या हातांनीं निघावें लागलें. ऑम्स्टर्डाम शहरानें त्याला आश्रय दिला, आणि १६५७ सालीं तेथें त्याच्या शिक्षणविषयक ग्रंथांचा संग्रह छापला गेला. त्यांत मातृशाळेचा ग्रंथही होता. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं ऑम्स्टर्डाम येथें त्याचा अंत झाला. नार्डेन या गांवीं त्याची समाधि आहे.

त्याचें कार्य मात्र त्याच्याबरोबर संपलें नाहीं. विखुरलेला बंधुसंघ अठराव्या शतकांत पुन्हां उभा राहिला, आणि १७३५ सालीं त्याच्या पहिल्या बिशपाला दीक्षा देणारा धर्मगुरु कोमेनियसच्याच मुलीचा मुलगा होता. याच मोरेव्हियन मंडळीचे मिशनरी १८८५ सालीं लडाखांतील लेह येथें पोहोंचले, व त्यांनीं तेथें शाळाही काढली. कोमेनियसच्या मायदेशांत २८ मार्च हा त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळतात. तेथील दोनशें क्राउनच्या नोटेवर त्याचें चित्र आहे, आणि मागील बाजूस मोठ्या माणसाचा व बालकाचा असे दोन हात एकमेकांना भेटलेले दाखविले आहेत. त्याच्या सर्व शिकवणीचें सार त्या दोन हातांत आलें आहे.

मातापित्यांनीं या चरित्रापासून घ्यावयाचा धडा उघड आहे. अक्षरें व पाढे शिकविण्यास शाळा समर्थ आहे. परंतु शिकण्याची हौस, शिक्षकाविषयींचा विश्वास आणि चांगल्या संवयी या शिदोरीसह मूल तेथें आलें पाहिजे, आणि ती शिदोरी बांधून देणें घराचें काम आहे. त्यासाठीं पैका लागत नाहीं. मुलाशीं बोलावयास थोडा वेळ आणि जिभेवर थोडा ताबा, एवढेंच लागतें. आणि विद्यार्थिमित्रहो, हा धडा तुमच्यासाठींही आहे. तुमच्या घरीं येत्या वर्षीं शाळेंत जाणारें धाकटें भावंड असेल, तर तुम्ही संध्याकाळीं घरीं येऊन शाळेविषयीं काय बोलतां, तें तें कान देऊन ऐकत असतें. तुमचें पुस्तक त्याला दाखवा, त्यांतील चित्रें त्याला समजावून सांगा, आणि तुमच्या शिक्षकांविषयीं एखादी चांगली गोष्ट त्याच्या कानीं घाला. कोमेनियसनें आईबापांना जें काम नेमून दिलें, त्यांतला लहानसा वांटा तुम्हांलाही उचलतां येण्यासारखा आहे.